चाळीस पानी वही

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक)

मघाशी माझी ओळख करून देताना ताई म्हणाल्या, की यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांवर संशोधन केलं आहे. 'संशोधन' हा शब्द ऐकून मी जरा सावरूनच बसले. कारण माझ्याकडे जे आहे ते एवढंच: चाळीस पानी अकरा वह्या आणि सोळा पानांची, स्टेपल मारलेली एक पुस्तिका. वह्या त्या पलीकडच्या टेबलावर ठेवल्या आहेत. त्यांच्या शेजारी एक जाड, नाडीची फाईल दिसेल. त्या फाईलमध्ये न झालेलं काम आहे, आणि मी आज मुख्यतः तिच्याबद्दल बोलणार आहे.

काल तुम्ही प्रत्येकीने 'मला स्वतःला काय करायचं आहे' हे कागदावर लिहून दिलंत. रात्री मी ते सगळे कागद वाचले. एकीला आईच्या जात्यावरच्या ओव्या उतरवून घ्यायच्या आहेत. एकीला वस्तीतल्या मुलींसाठी पुस्तकांची पेटी चालवायची आहे. एकीला रेशनच्या दुकानावर महिन्याला खरोखर काय मिळतं याची नोंद ठेवायची आहे. किती नेमक्या गोष्टी! पण जवळजवळ प्रत्येक कागदावर पुढचं वाक्य 'त्यासाठी आधी' असं सुरू होतं. आधी निधी मिळायला हवा. आधी जागा हवी. आधी संगणक शिकेन. आधी मुलीचं लग्न होऊ दे. एकीने तर 'आधी सर्व जिल्ह्याचे सर्वेक्षण' असं लिहिलंय. ओव्या आईच्या, आणि सर्वेक्षण जिल्ह्याचं!

हसू नका. या 'आधी'शी माझी जुनी ओळख आहे.

मी लालबागच्या एका चाळीत लग्न होऊन आले. गिरण्यांचा भोंगा म्हणजे घड्याळ, असे ते दिवस. आमच्या खालच्या मजल्यावर एका मावशींची खानावळ होती. दहा बाय बाराची खोली, आणि दोन्ही वेळचं मिळून तेवीस माणसं जेवायची. पहिल्या पाळीचा डबा पहाटे, रात्रपाळीवाल्यांचं जेवण सकाळी, मधे दुसऱ्या पाळीचं. चूल, म्हणजे पुढे स्टोव्ह, कधी थंडच पडत नसे. पंधरा दिवसांनी फिस्ट, म्हणजे मटण. जेवणारे सगळे साताऱ्याकडचे, बायकामुलं गावी ठेवून आलेले. पगार झाला की ते पैसे देत. तोवर वाण्याची उधारी मावशींच्या नावावर.

गिरणीचा इतिहास म्हटला की आपण पुरुष कामगारच डोळ्यांसमोर आणतो. पण १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचांतला एक कामगार बाई होती. वाइंडिंगमध्ये, रीळ खात्यात. पुढे ते प्रमाण घसरतच गेलं. बायकांना रात्रपाळी बंद, १९२९चा बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा आल्यावर मालकांची बायका घेण्याबद्दलची नाखुशी, नवी यंत्रं, अशी कारणं सांगतात. गिरणीतून बाहेर पडलेल्या, किंवा जिथे कधी शिरताच आलं नाही अशा बायकांनी मग काय केलं? पुष्कळजणींनी गिरणी जेवू घातली. प्रेमाताई पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांसाठी, सावकाराच्या व्याजातून त्यांना सोडवायला. म्हणजे विषय महत्त्वाचा आहे हे मला ठाऊक होतं. तेच तर नडलं.

१९९६मध्ये आमच्या गटात ठरलं, की मी खानावळवाल्यांच्या हकिकती गोळा करायच्या. नोकरी सांभाळून. मी फाईल आणली. पहिला कागद म्हणजे उद्दिष्टं. दुसरा, कामाचे टप्पे. मग चाळीस बायकांची यादी. मग प्रश्नावली. ती सुरुवातीला वीस प्रश्नांची होती, प्रत्येक बैठकीत कुणीतरी भर घातली, आणि शेवटी ६४ प्रश्न झाले. टेपरेकॉर्डर हवा म्हणून निधीसाठी अर्ज. अर्जाला अंदाजपत्रक. अंदाजपत्रकाला हमीपत्र. मैत्रिणींनो, मुखपृष्ठावर काय चित्र घ्यायचं यावर आमची दीड तास चर्चा झाल्याचं इतिवृत्त त्या फाईलमध्ये आहे. तोवर एकाही बाईशी मी बोलले नव्हते.

यादीत पहिलं नाव मावशींचं. त्या मला रोज भेटत. नळावर, जिन्यात. दर वेळी विचारत, "कवा येतीस गं लिवायला?" मी म्हणे, "मावशी, जरा तयारी होऊ दे." त्यांना कसली तयारी ते कळत नसे. खरं तर मलाही कळत नव्हतं. एकदा, १९९७चा पावसाळा असावा, गॅलरीत बसल्याबसल्या त्या म्हणाल्या, "छत्री अजून आला न्हाई बघ." मी हसले. 'आला' काय, 'आली' म्हणा, असं मनातल्या मनात व्याकरण दुरुस्त केलं आणि वर गेले. भात लावायचा होता.

१९९९च्या मार्चमध्ये मावशी गेल्या. चार दिवसांचा ताप.

दहाव्यानंतर त्यांच्या सुनेने मला बोलावून एक वही दिली. म्हणाली, "तुमी लिवनार व्हता न्हवं, ही ठेवा." मावशींना लिहितावाचता येत नव्हतं, हे मला माहीत होतं. त्या हिशेब कसा ठेवत, हा प्रश्न माझ्या ६४ प्रश्नांत नव्हता. वही उघडली तर प्रत्येक पानावर वरती एकेक चित्र. कोंबडा. चष्मा. ढोलकी. बूट. एका पानावर नुसती दोन भुवयांसारखी वळणं. चित्राखाली उभ्या रेघा, एका जेवणाला एक रेघ. पैसे मिळाले की त्या रेघांवर आडवी काट. तेवीस माणसांची तेवीस पानं. ही वही १९८२ची होती.

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर कधी मागे घेतला गेलाच नाही. हे सगळं पुस्तकांतून आलेलं आहे. पण पगार बंद झाल्यावर खानावळवालीने काय केलं? तिने जेवण बंद केलं का? वहीत त्याचं उत्तर होतं. रेघा जानेवारीनंतरही पुढे चालूच होत्या. हळूहळू एकेक पान मधेच थांबलं, म्हणजे तो माणूस गावी गेला. नऊ पानांवर काट नाही. आणि एका पानावर १७२ रेघा, एकही काट नाही. त्या पानाचं चित्र होतं छत्री.

मी सुनेला विचारलं, छत्री म्हणजे कोण? ती म्हणाली, "आत्याबाईंनाच ठावं."

तीन वर्षं ती बाई माझ्या पायाखालच्या मजल्यावर होती. मी टेपरेकॉर्डरची वाट पाहत होते.

त्या रात्री मी फाईल कपाटावर टाकली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून मुलाच्या शाळेसाठी आणलेल्या वह्यांतली एक घेतली. चाळीस पानी. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना पलीकडच्या चाळीत गेले. तिथेही एक खानावळवाल्या काकी होत्या. माझ्या यादीत त्या सतराव्या. प्रश्नावली नेली नाही. एकच विचारलं: "काकी, खानावळीतला कुठलाही एक दिवस सांगा." त्या बोलल्या वीस मिनिटं, मग दूध आणायला उठल्या. मी तिथेच उंबऱ्यावर बसून दीड पान लिहिलं. आठवड्याने परत गेले, परत वीस मिनिटं. असं करत पाच आठवड्यांत वही निम्मी झाली.

आता तुम्हाला वाटेल की सुरुवात केली आणि सगळं सुरळीत झालं. मुळीच नाही. ती पहिली वही अगदी वाईट आहे. तारखा नाहीत. पैशांचे आकडे नाहीत. अर्ध्या ठिकाणी कोण बोलतंय ते कळत नाही. आणि सगळ्यांत मोठा गोंधळ असा, की काकी जे बोलल्या ते मी माझ्या भाषेत लिहिलं. 'आर्थिक ओढाताण सोसूनही त्यांनी व्यवसाय नेटाने चालू ठेवला,' असली वाक्यं. सहाव्या आठवड्यात मी त्यांना ते वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चांगलं हाय. पर ही मी न्हवं. ही कोन बाई हाय?"

कान तापले माझे. पण विचार करा, हेच मी आराखड्याप्रमाणे केलं असतं तर? चाळीसजणींच्या मुलाखती माझ्या भाषेत उतरवल्या असत्या, छापल्या असत्या, प्रकाशन झालं असतं, आणि 'ही मी न्हवं' असं मला एकीनेही सांगितलं नसतं, कारण त्यांच्यापैकी कुणाला पुस्तक वाचता येत नव्हतं. तीन वर्षांत ६४ प्रश्न काढताना जे माझ्या लक्षात आलं नाही, ते दीड-दोन तासांच्या वाईट कामाने लक्षात आणून दिलं. त्यानंतर मी शब्द जसा येईल तसा लिहायला लागले. 'न्हाई'ला 'नाही' करायचं नाही, एवढाच नियम.

२००१च्या संक्रांतीला मी दोघींच्या हकिकतींची सोळा पानं झेरॉक्स केली, तीस प्रती. चाळीत हळदीकुंकू होतं. आपल्यातल्या अनेकींना हळदीकुंकू पटत नाही, मलाही पटत नाही. पण बायका जिथे जमतात तिथे जायचं की आपल्या सभागृहात त्यांची वाट पाहायची? आम्ही त्या वर्षी विधवा बायकांनाही बोलावलं, आणि तिथे मी मोठ्याने वाचलं.

त्या वाचनात दोन गोष्टी घडल्या. एक चांगली म्हणायची की नाही कोण जाणे, पण महत्त्वाची. वाचन संपल्यावर दाराशी उभी असलेली एक बाई म्हणाली, "मी बी खानावळीतच व्हते की. चार खानावळींची भांडी घासलीत मी. मी घासायची, आन् त्या पुन्ना पान्यातनं काढायच्या. ते न्हाई लिवलं तुमी." खोली गप्प झाली. तिथे बसलेल्या दोघीतिघींनी तिच्या हातची घासलेली भांडी पाण्यातून काढलेली होती. खानावळी जातवार, गाववार चालत, हे गिरणगावात सगळ्यांना माहीत असतं. आणि तरी माझ्या चाळीसजणींच्या यादीत सगळ्या माझ्याच जातीपातीच्या आसपासच्या होत्या, आणि ६४ प्रश्नांत जातीवर एकही प्रश्न नव्हता. आम्ही बैठकांत 'सर्वसमावेशक' हा शब्द वापरला होता, फाईलमध्ये आहे तो. तिसरी वही त्या दारातल्या बाईची आहे. माझ्या मते तीच सगळ्यांत चांगली आहे.

दुसरी गोष्ट माझ्या चुकीची. दुसऱ्या हकिकतीत त्या बाईंच्या नवऱ्याचं गावी दुसरं घर होतं, हा उल्लेख होता. त्यांनी मला विश्वासाने सांगितलेला. 'हे वाचू का?' असं मी विचारलं नव्हतं. त्यांचा मुलगा बाहेर गॅलरीत उभा होता. त्या माझ्याशी वर्षभर बोलल्या नाहीत, आणि त्यांचं बरोबर होतं. मी त्यांच्याकडून प्रती परत मागवल्या, ते पान काढलं, माफी मागितली. तेव्हा 'कसलाच विचार न करता उडी मारा' असं मी सांगत नाहीये, हे कृपा करून नीट ऐका. जिथे दुसऱ्या बाईच्या जिवाला, घराला, अब्रूला धक्का बसू शकतो तिथे आधी विचार करायलाच हवा. मार खाऊन आलेल्या बाईला रात्री कुठे ठेवायचं हे ती दारात आल्यावर ठरवून चालत नाही. खटला, मोर्चा, निवारा यांची तयारी करावीच लागते. पण आईच्या ओव्या उतरवायला काय धोका आहे? फार तर वही फुकट जाईल.

त्या प्रसंगानंतर माझ्या प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर तीन ओळी असतात: कोण बोललं, कधी बोललं, आणि यातलं काय कुणाला वाचून दाखवायचं नाही. माझं सगळं नियोजन आज तेवढंच आहे. आणि ते चुकीतून आलं, बैठकीतून नाही.

आपण बायका इतकी तयारी का करतो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. एक कारण घरातलं. मी तीन वर्षं कागद रंगवत होते तेव्हा घरात कुणाचीही तक्रार नव्हती. उलट सासूबाई कौतुकाने सांगत, सूनबाई पुस्तक लिहिणार आहे. ज्या दिवशी मी ऑफिसातून परस्पर काकींकडे गेले आणि जेवायला अर्धा तास उशीर झाला, त्या दिवशी पहिला आवाज चढला. म्हणजे आराखडा कुणालाच खुपत नाही. त्याने घरातलं काहीच हलत नाही. आपल्यालाही ते आतून माहीत असतं, म्हणून आपण तिथेच रेंगाळतो.

दुसरं, आपल्याला वाटतं की काम म्हणजे सलग वेळ, स्वतंत्र टेबल, बंद दार. ही कल्पना ज्यांचा चहा कुणीतरी आणून देतं त्यांच्याकडून आपण उचललेली आहे. बेबीताई कांबळ्यांनी 'जिणं आमचं' कसं लिहिलं? फलटणला आपल्या दुकानात बसून, गिऱ्हाईक नसेल तेव्हा. माल बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद वाचत त्यांचं वाचन झालं. लिहिलेल्या वह्या घरच्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून त्या लपवून ठेवत, आणि असं कित्येक वर्षं. पुढे फलटणलाच काम करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांनी ते वाचलं, छापायचा आग्रह धरला. 'स्त्री' मासिकातून ते आधी क्रमशः आलं आणि १९८६मध्ये पुस्तक झालं. बेबीताईंनी पुस्तकाचा आराखडा करून मग दुकानात बसायचं ठरवलं असतं तर आपल्याला काय मिळालं असतं?

किंवा उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीत बायकांनी काय केलं याची नोंद कुणी घेतली नव्हती. या दोघी एकेका बाईच्या दारात गेल्या आणि विचारलं. त्यातून १९८९मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' आलं, चाळिसाहून अधिक बायकांच्या हकिकती घेऊन. त्या म्हाताऱ्या बायका आता नाहीत. दोघींनी आणखी दहा वर्षं तयारी केली असती, तर ते पुस्तक लिहिता आलं असतं का, सांगा.

तिसरं कारण आपल्या संस्थांनी लावलेलं आहे, आणि इथे मी थोडं कडू बोलणार. प्रकल्प-प्रस्तावाची भाषा आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की स्वतःपुरतं काही करायचं झालं तरी आपण त्याचं उद्दिष्ट, लाभार्थी, कालमर्यादा लिहायला बसतो. देणगीदाराला ते लागतं, मान्य. पण तुझ्या आईच्या ओव्यांचे लाभार्थी किती, हे कोण विचारतंय? आता तर टेपरेकॉर्डरही लागत नाही. तुमच्या प्रत्येकीच्या पिशवीत मोबाईल आहे. तरी काल एकीने लिहिलंय, 'आधी चांगला माईक.' बाई गं, आईचं वय काय?

माझा वेळ संपत आला, ताई घड्याळ दाखवताहेत. जेवणानंतरचा एक तास तुम्हाला मोकळा दिला आहे. ज्यांना आईला फोन करायचा असेल त्यांनी तो जरूर करावा, एकच ओवी घ्यावी. पेटीवाल्या मैत्रिणीला माझ्याकडची तीन पुस्तकं मी आत्ताच देऊ शकते. पेटीचं नंतर पाहू. रेशनवालीने या महिन्याची घरातली पावती शोधावी.

वह्या बघा, हाताळा. अकरावी निम्मी कोरी आहे. मावशींची हिशेबाची वहीही तिथेच आहे, पण ती जरा जपून उघडा, पानं सुटी झालीत. तुमच्यात साताऱ्याकडच्या पाचसहाजणी आहेत असं मला कळलं. ज्यांच्या घरातलं कुणी १९८२मध्ये लालबागला गिरणीत होतं, खानावळीत जेवत होतं, त्यांनी ती चित्रं नीट पाहावीत. ढोलकी आणि चष्मा मला सापडले आहेत, दोघांची घरं मी गाठली. कोंबड्याचा अंदाज आहे. छत्री कोण, ते अजून कळलेलं नाही.